खाज्यावरचं फडकं

डिचोलीच्या शिगम्याच्या ढोल-मिरवणुकीत पहिल्या तिघांत नंबर लागला असता, तर गोकुळदासच्या पदरात पडणार होतं तरी काय? ढाल मांडावर जाणार, बक्षीस मांडाच्या पेटीत. शाल मिळाली असती, पण शाली घरात आधीच अकरा, आणि त्यातली एक शाल बायको, सुलोचना, गॅसच्या सिलिंडरवर घालते. तेव्हा त्याचा एकट्याचा नफा म्हणाल तर एवढाच: आणखी एक वर्ष गळ्यात ताशा, ढोलांच्या पुढे चार पावलं मोकळी जागा, आणि सर्वेशचं तोंड बंद.

सर्वेश हा त्याच्या बहिणीचा मुलगा. म्हापशाला नोकरी, गावात मोटरसायकल, आणि डोक्यात कारापूरसारखं नव्या पद्धतीचं पथक. गेल्या वर्षी शिगमा संपल्यावर धारगळच्या मांडावर, म्हणजे देवासमोरच्या ज्या जागेवरून गावाचे ढोल उठतात आणि जिथे परत येऊन बसतात तिथे, तो उभा राहून बोलला होता. मामाचा मान ठेवून बोलला, म्हणून जास्त लागलं.

"मामा, तुमचा वाजवणा चुकीचा नाय. पण लोक आता थांबणत नाय. आमचां नमन चढूक वीस मिनटां लागतत. स्टेजवर देतत पाच. गेल्या वर्सा आमी अजून पायरेर होतो आणि तेणी माईकवरून धन्यवाद म्हटल्यानी."

हे खरं होतं. त्यावर महादेवआजोबांनी निवाडा दिला. गोकुळदासच्या आधी ताशा त्यांच्याच गळ्यात होता, आणि दात गेले तरी मांडावर शब्द त्यांचाच चालायचा. "फुडल्या वर्सा डिचोलीत पयल्या तिघांत इलो तर चाल जुनीच. नाय तर सर्वेश सांगतलो तसां."

वर्ष सरलं. गोकुळदास एकतीस वर्षं सरकारी बसचा कंडक्टर होता. चढणारा माणूस कुठे उतरणार हे त्याला तिकीट मागण्याआधी कळायचं. आपल्याला माणसांची पारख आहे, ही त्याची जुनी समजूत, आणि निवृत्त झाल्यावर तपासून बघायची गरज न उरल्यामुळे ती आणखी घट्ट झाली होती. त्याने वर्षभर विचार करून एक युक्ती काढली. स्टेजवर पाच मिनिटंच मिळतात ना? मग नमन, म्हणजे देवाला वाहिलेली ती चढत जाणारी चाल, स्टेजवर सुरू करायचंच नाही. मिरवणूक निघते तिथेच, मैदानाच्या फाटकात, पहिला ठोका टाकायचा. संथ, मग मध्यम, असं चढत चढत वीस मिनिटांत स्टेज गाठायचं आणि परीक्षकांसमोर थेट शेवटची धावती चाल उघडायची. सर्वेशसुद्धा म्हणाला, "ह्या बरां काढलास, मामा." भाच्याने मान्य केलं म्हणून गोकुळदासला एक क्षण युक्तीबद्दल शंकाच आली.

मैदानावर त्यांना तीन वाजता बोलावलं होतं. मिरवणूक चारची. साडेपाच वाजले तरी पुढचं चाक हललं नव्हतं. धारगळचे बावीस जण टेंपोच्या सावलीत पसरले होते: नऊ ढोल, दोन ताशे, सहा जोड कांसाळी म्हणजे काशाच्या झांजा, बाकीच्यांच्या हातात निशाणं. ढोल उन्हाकडे तोंड करून मांडून ठेवले होते. कातड्याचं पान उन्हाने तापतं, ताणतं आणि बोलतं. सांजेची दमट हवा लागली की तेच पान ओल्या पापडासारखं बसतं. म्हणून गोकुळदास घड्याळाकडे कमी आणि उन्हाकडे जास्त बघत होता.

बाकीच्या पथकांना ही काळजी नव्हती. कारापूरच्या पथकात पन्नास ढोल, सगळ्यांना प्लॅस्टिकचं पान, पान्याने नट पिळला की सूर तयार. पांढरे सदरे, भगव्या पगड्या, निम्म्या मुली. त्यांची सिद्धी नावाची एक पोरगी बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळत होती, एका एका बोटाला, भाकरी थापल्यासारखी शांतपणे. पलीकडे एका गावाने बँडवाले आणले होते. त्यांच्या ढोलांवर लग्नातली गाणी चालायची, आणि ती वाजली की फाटकाबाहेरची पोरं शिट्ट्या मारायची. तेरेखोलहून फेरीबोटीने आलेल्यांची तऱ्हा वेगळी. मोठ्याने एक तुकडा वाजवायचा, मग फोटोसाठी तसंच थिजून उभं राहायचं, मग पुढचा तुकडा. रोज हॉटेलातल्या पाहुण्यांसमोर वाजवून हातांना तीच सवय लागलेली. घुमटं, ती मडक्यासारखी मातीची वाद्यं, घेऊन आलेले चार म्हातारेही होते. त्यांना कोणी शिट्टी मारली नाही की फोटो काढला नाही, आणि त्यांचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

"सगळ्यांका गिऱ्हाईक आसा," गोकुळदास म्हणाला. "आमचांच दुकान बंद."

शेजारी शांताराम पडला होता. त्याने डोळे न उघडता विचारलं, "भाऊ, जेवणाचा काय?"

शांताराम दोडामार्गकडचा. चिऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, बारा वर्षं धारगळात भाड्याच्या खोलीत. मांडाच्या घराण्यांतला तो नव्हे, पण मांडाच्या जुन्या ढोलांना घराणं लागत नव्हतं, हात लागत होता. सगळ्यात मोठा ढोल, जो तरणी पोरं घ्यायला बघत नाहीत, तो दर शिगम्यात शांतारामच्या खांद्याला. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला उघडा तळवा.

"वाजवून झाल्यार जेवया," गोकुळदास म्हणाला.

"म्हणजे आज नाय," शांताराम म्हणाला आणि कूस बदलली.

सहाला मिरवणूक निघाली. फाटकात गोकुळदासने गावाच्या दिशेला तोंड केलं, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि वेताच्या दोन पातळ काड्यांनी ताशावर नमनाचा पहिला ठोका टाकला. नऊ ढोल उठले. सगळं ठरल्यासारखं. पंधरा मिनिटांत ते तिठ्यावर आले. तिथून स्टेज हाकेच्या अंतरावर.

तिठ्यावर गाडं अडलं. धारगळच्या पुढे एका गावाचा चित्ररथ होता, त्यावर तीन माणसांच्या उंचीचा राक्षस, गदा वर-खाली करणारा. गदा वर गेली आणि केबलच्या तारांत अडकली. खाली येईना. राक्षस तसाच हात वर करून उभा, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलासारखा. कोणी शिडी आणायला गेलं. शिडी आली ती आखूड. कोणी ज्याच्याकडे मोठी शिडी होती त्याला फोन लावला. तो मिरवणूक बघायला स्टेजपाशी गेला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नमन एकदा उठलं की वाटेत टाकायचं नाही, असा रिवाज. ते थांबवायचं ते पुढच्या ताशानेच, दुसऱ्या कोणाला अधिकार नाही. पण रिवाजाला दार असतं, तसं यालाही होतं. पेडण्याच्या बाजारात एकदा प्रेत आडवं आलं, तेव्हा महादेवआजोबांनी गावाकडे तोंड करून तीन ठोके दिले, गाऱ्हाणं घातलं, नमन खाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी देवाला नारळ फोडला. देव रागावल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. हे गोकुळदासला ठाऊक होतं. तेव्हा दुसरा ताशा त्याच्याच हातात होता.

त्यानेही आधी थांबवायचाच विचार केला. काड्या हलक्या केल्या. तेवढ्यात त्याचं लक्ष समोर गेलं.

तिठ्याच्या कोपऱ्यावर बंद दुकानाच्या पायरीला लागून एका बाईने खाजं मांडलं होतं. गुळात घोळलेलं, आल्याच्या वासाचं, ढीगभर. ती त्या ढिगापलीकडे बसून ढोलांकडे बघत होती. बघता बघता तिने मागून एक पांढरं फडकं ओढलं, ढिगावर पसरलं, चारी कडा खाली खोचल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली.

गोकुळदासच्या काड्या परत जड झाल्या.

टाळी काय, माणूस शेजाऱ्याच्या भिडेनेही वाजवतो. शिट्टी फुकट असते. पण विकणारी बाई भर सांजेला, ऐन धंद्याच्या वेळी, माल झाकून ऐकायला बसते, याच्याएवढी दाद कुठल्या परीक्षकाच्या वहीत मावणार? त्याला आता आणखीही दिसू लागलं. पावाची टोपली घेऊन चाललेला पोदेर सायकलवरून उतरून उभा होता. बसमधून उतरलेल्या दोन बायका पिशव्या खाली ठेवून थांबल्या होत्या. एका गॅलरीतल्या म्हाताऱ्याने खुर्चीच बाहेर आणली. कंडक्टरच्या सवयीने गोकुळदासने मोजलं: सदतीस. पुढे राक्षस, मागे पथकं, कोणालाच कुठे जाता येत नाही, हे त्याने मोजलं नाही.

एकतीस वर्षांत लोकांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं ते फक्त सुटे पैसे मागताना. आता सदतीस माणसं बघत होती, आणि कोणालाच काही परत नको होतं.

त्याने चाल संथवरून मध्यमावर नेली.

अर्धा तास झाला. सर्वेश कांसाळी काखेत मारून पुढे आला. "मामा, तीन ठोके द्या नि थांबया. राक्षस हलणत नाय. पोरांचे हात गेले, स्टेजवर काय वाजवतलो?"

गोकुळदासने काड्या न थांबवता मान हलवली. "नमन वाटेत टाकूचा नसता."

"महादेवआजोबांनी टाकलेलां मा?"

"तेंका प्रेत आडवां इल्लां."

"हय राक्षस इलोहा. तो काय कमी?"

मागचे दोघे हसले. ते हसू गोकुळदासला झोंबलं. हरलो तर फायदा कोणाचा? सर्वेशचा. मग थांबा म्हणतोय कशाला? उद्या मांडावर उभं राहून सांगायला, की मामाने नमन टाकलं. असा त्याने हिशेब केला आणि तो बरोबर सुटला याचं त्याला समाधानही वाटलं. भाचा सरळ मनाने मामाच्या जिंकण्याची वाट सांगत असेल, ही शक्यता बेरजेत धरायची राहून गेली.

मग शांताराम बोलला, मागून, वाजवता वाजवताच. "भाऊ, तळवो फुटलो."

"थोडा कळ काढ, शांताराम. लोक आयकतत."

बारा वर्षं भाड्याने राहिलेला माणूस फार बोलत नाही. शांतारामने तळव्याची कड वापरायला सुरुवात केली.

आणि गोकुळदासने, जी चाल स्टेजसाठी वर्षभर राखून ठेवली होती, ती धावती चाल तिथेच तिठ्यावर उघडली. वाजवली म्हणजे खरंच वाजवली. ऊन गेलं होतं, पण पानांतली ऊब अजून गेली नव्हती, पानं बोलत होती. बावीस जण दमलेले होते, तरी ती चाल अशी की एकदा उघडली की पाय आपोआप उठतात. निशाणं गेली वर, ओस्सय ओस्सयचा गजर झाला, गॅलरीतला म्हातारा खुर्चीतून उठला. ते वाजवणं परीक्षकांनी ऐकलं असतं तर गोष्ट इथेच गोड झाली असती. परीक्षक हाकेच्या अंतरावर लिंबूसरबत पीत बसले होते आणि त्यांच्यासमोरच्या कर्ण्यांवर स्वागताची भाषणं चालू होती.

सात वाजून वीस मिनिटांनी गदा सुटली. ज्याने एक घंटी मारून हजार वेळा बस थांबवली, त्याने तासाहून अधिक वेळ बावीस माणसांना थांबू दिलं नव्हतं.

स्टेजपाशी पोहोचेपर्यंत अंधारलं होतं, हवा दमट झाली होती. माईकवाला म्हणाला, "धारगळ, आपल्याकडे पाच मिनिटं आहेत." गोकुळदासने काड्या ताशावर टाकल्या. ताशा वाजला, मागून ढोलांचा आवाज आला तो गादीवर काठी मारल्यासारखा. पानं बसली होती. जी बसली नव्हती त्यांच्यावरचे हात बसले होते. गुरुदास म्हणून एक दांडगा पोरगा, मधल्या ओळीतला, त्याला खांदा वर उचलता येईना. तो ढोल गुडघ्यावर टेकवून वाजवू लागला. शांताराम मनगटाच्या मागच्या बाजूने ठोकत होता. लोकांचे फोन वर झाले, थोडे थांबले आणि एक एक करून खाली गेले. चौथ्या मिनिटाला माईकवाल्याने परंपरा जपल्याबद्दल धारगळचे मनापासून आभार मानले. ज्याला नंबर द्यायचा नसतो त्याला आभार देतात, हे गोकुळदासला कळत होतं.

बाजूला होऊन त्याने कारापूरचं पथक बघितलं. पन्नास ढोलांचा ठोका एकदम पडला. झेंडा फिरला. चिकटपट्ट्यांवाली सिद्धी पहिल्या ओळीत होती आणि तिचा एकही ठोका मागेपुढे होत नव्हता. लोक कठड्यावर चढले. ते वाजवणं वाईट नव्हतं. वाईट असतं तर गोकुळदासला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं असतं.

टेंपोकडे परतताना वाटेत तोच तिठा. बाई आवराआवर करत होती. फडकं अजून ढिगावर, आणि ढीग जवळजवळ तसाच. गोकुळदास मुद्दाम थांबला. दुसरं काही नाही तरी एवढं तरी कोणाच्या तोंडून ऐकावं असं त्याला वाटत होतं.

"पाव किलो बांध गो, बाय. नाव काय तुजा?"

"सुमंगला." तिने फडक्याची एक कड उचलली.

"सगळां झाकून बसल्लंय मगे आमचां नमन आयकूक. मी बघी होतंय."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. दमलेल्या माणसाला खरं सांगावं की नाही, असा विचार करणाऱ्या बाईसारखं. पण बहुतेक तीही दमलेली होती.

"धूळ हो, बाबा. तुमचे पन्नास पाय नाचत होते. गुळाचा माल. एकदा माती बसली की फेकूकच व्हयो."

चव्वेचाळीस पाय, गोकुळदास मनात म्हणाला.

"वाजवल्यात बरां," ती कागद गुंडाळत म्हणाली. "आमच्या कारापुरात पयलीं असांच वाजयत. पण केदो वेळ. गिऱ्हाईक सगळां तुमच्या पलीकडे अडाकलां. जत्रेचो एक दिस, तो तुमच्यात गेलो."

"मगे अर्धो किलो दी," तो म्हणाला.

ती हसली. "अर्ध्या किलोन काय होता, बाबा." पण बांधून दिलं. वर दोन तुकडे जास्तही घातले.

टेंपोत पुडी फिरली. सगळ्यांनी खाल्लं. शांतारामला सर्वेशने भरवलं, कारण त्याचा हात रुमालात गुंडाळलेला होता. दमलेली माणसं दोष द्यायचंही काम अंगावर घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल फोनवर आला. कारापूर पहिलं. धारगळ चौदांत अकरावं. घुमटवाले म्हातारे तिसरे. त्यांनी म्हणे पाच मिनिटांचं नमन खास बसवून आणलं होतं.

सकाळीच सुलोचनाने दर शिगम्यासारखं मीठ घालून पाणी गरम केलं होतं. "हात बुडय," ती म्हणाली. गोकुळदासने हात पुढे केले आणि बुडवायच्या आधी उलटेपालटे करून बघितले. तिनेही बघितले. ताशाच्या काड्या बोटांच्या टोकांत धरतात. कुठे फोड नाही, ओरखडा नाही.

"पाणी शांतारामाक नेऊन दी," तो म्हणाला.

"तो गेलो पेडण्याच्या डॉक्टराकडे. सर्वेश घेऊन गेलो मोटरसायकलीर." तिने पातेलं उचललं आणि ते पाणी तुळशीला न घालता मोरीत ओतलं, मीठ होतं म्हणून.

रविवारी मांडावर सगळे जमले. सर्वेश जिंकला होता, पण जिंकलेल्यासारखा बसला नव्हता. त्याने कागद वाचून दाखवला. पुढल्या वर्षापासून नवं पथक, तीस ढोल. ज्याने त्याने आपला ढोल आणि आपला पोशाख आणायचा. नावं मांडाच्या घराण्यांतूनच घ्यायची, प्रत्येक घरातून एक, म्हणजे नंतर भांडणं नकोत.

"शांताराम?" गोकुळदासने विचारलं.

सर्वेशने कागदाकडे बघितलं, जणू तिथे आणखी एखादी ओळ सापडेल. "तेचां घर मांडात येणत नाय, मामा. पयलीं ढोल मांडाचे होते म्हणान चलत होतां. आता जो तो आपलो ढोल घेतलो. मगे तेका खंय बसवूचो?"

शांताराम मागे खांबाला टेकून उभा होता, हाताला पट्टी. "माका काय नाय," तो म्हणाला. "तसोय तो ढोल जड होतो."

महादेवआजोबांनी मान हलवली. ती होकाराची की म्हातारपणाची, कोणी विचारलं नाही.

"आणि ताशा?" गोकुळदास म्हणाला. तो गळ्यातून काढून त्याने आधीच समोर ठेवला होता, देवाच्या पायरीवर, काड्यांसकट. रात्रभर त्याने हे वाक्य तयार केलं होतं.

सर्वेश उठून आला. ताशा उचलला आणि परत मामाच्या मांडीवर ठेवला. "तो तुमकाच ऱ्हवू दी. आमच्या ताशांका प्लॅस्टिकचा पान. ह्याचो सूर तेंच्याशी जुळूचो नाय."

म्हणजे गोकुळदासला ताशा मिळाला. मागितला होता एक वर्ष, मिळाला जन्मभर. फक्त मागे ढोल नव्हते.

तिठ्यावर ऐकून घेतलं जाण्याची चैन त्या सांजेला झाली ती एकट्या त्याची. तिचं देणं बाकीच्यांनी दिलं. गुरुदासचा खांदा अजून वर जात नाही, तो शर्ट डाव्या हाताने चढवतो. सर्वेशला मामाला जिंकवायचं होतं, ते त्याने कोणाला सांगितलंच नाही, आता सांगूनही कोणी मानणार नाही. सुमंगलाची जत्रेची सांज गेली, तिच्या हाती अर्ध्या किलोचं गिऱ्हाईक आलं. शांतारामच्या तळव्याला सहा टाके पडले. तो आठ दिवस गियर धरू शकला नाही, नवव्या दिवशी गेला तर ट्रकवर दुसरा बसलेला होता.

गोकुळदासने नारळ फोडला, देवाला. देवाचं काहीच गेलं नव्हतं.